टायर : चिकट हवा की टिकाऊ?

वऱ्हाडातील जुनी माणसे पूर्णेच्या खोऱ्याला पयानघाट म्हणत आणि दक्षिणेकडच्या उंच पठाराला बालाघाट. अकोला पयानघाटात, वाशीम बालाघाटात. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि अकोला त्याहून दोन-अडीचशे मीटर खाली. म्हणजे वाशीमहून अकोल्याला निघालेल्या माणसाला ही उंची वाटेत कोठेतरी उतरावीच लागते. मालेगावपर्यंत रस्ता सोयाबीन आणि तुरीच्या शेतांमधून बहुतेक सरळ जातो. मेडशी मागे पडली की मात्र डोंगर सुरू होतात आणि रस्ता पातूरपर्यंत वळणे घेत उतरतो. विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण म्हणजे चिखलदरा. तेथे मोटारसायकलने जाणाऱ्यांचा अनुभवही असाच : आधी मैदानातला लांबच लांब सरळ रस्ता, मग परतवाड्यानंतर एकामागून एक वळणांचा घाट.

एकाच प्रवासातले हे दोन रस्ते मोटारसायकलच्या टायरकडे अगदी वेगवेगळ्या गोष्टी मागतात. सरळ रस्ता म्हणतो, झिजू नकोस. वळण म्हणते, सोडू नकोस. टायरच्या दुकानात गिऱ्हाईकही तेच म्हणते : “भाऊ, दोन-तीन वर्षं पाहायला नको असा टायर द्या, अन् घाटात घसरायला नको.” आता प्रश्न असा, की या दोन मागण्या एकाच रबराकडून पुऱ्या होतात काय? आणि होत नसतील, तर कोणती किती सोडावी? घरात एकच मोटारसायकल असते, तिच्यावर वडील नोकरीला जातात, आई मागे बसते, रात्री-अपरात्री दवाखानाही तिच्यावरच गाठावा लागतो. तेव्हा हा हिशेब नीट कळलेला बरा.

आधी एक साधा अंदाज करू. मोटारसायकल आणि स्वार मिळून वजन २०० किलो धरा. टायरमधील हवेचा दाब सुमारे २८ पौंड असतो, म्हणजे दर चौरस इंचावर २८ पौंड. हाच दाब दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ २ किलो होतो. हे २०० किलो वजन मुख्यतः हवेच्या दाबानेच पेललेले असल्यामुळे दोन्ही टायरांचा जमिनीला टेकलेला भाग मिळून साधारण १०० चौरस सेंटीमीटर असला पाहिजे. टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटीमीटर. म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी आणि तिच्यावरची माणसे पोस्टकार्डापेक्षाही लहान तुकड्याने पृथ्वीला धरून असतात! वळणे, थांबणे, वेग घेणे, सर्व काही या तुकड्यातूनच व्हायचे असते.

हा तुकडा रबराचाच का असतो, हे समजण्यासाठी रबराच्या स्वभावाकडे वळावे लागेल. नैसर्गिक रबर हे झाडाचा चीक. भारतात ते मुख्यतः केरळात होते. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गच्या बाजूलाही रबराच्या बागा पाहायला मिळतात. कच्चे रबर मात्र मोठे लहरी असते. उन्हाळ्यात ते चिकट होऊन वितळू लागते आणि थंडीत कडक होऊन तडकते. इ.स. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला असे आढळले, की गंधक मिसळून तापवलेले रबर हा लहरीपणा सोडून देते. त्याचे कारण पुढे कळले. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब, एकमेकांत गुंतलेल्या साखळ्या. शेवया शिजवून ताटात ओतल्यावर दिसतात तशा. गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात. पूल थोडे असले तर रबर मऊ आणि लवचीक राहते. पूल वाढवत नेले तर ते अधिकाधिक कडक होत जाते.

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाची. इ.स. १८४५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने तिचे पेटंट घेतले. पण तेव्हा ना सायकली होत्या, ना मोटारी. कल्पना विसरली गेली. जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच पुन्हा शोधून काढली आणि जगाने डनलॉपचे नाव लक्षात ठेवले.

त्या काळचे टायर काळे नव्हते, फिकट रंगाचे होते. टायरला काळा रंग आला तो काजळीमुळे, आणि काजळी आली ती शोभेसाठी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी असे दिसून आले, की रबरात बारीक काजळी मिसळली तर त्याची झीज कितीतरी पटींनी कमी होते. काजळीचे अतिसूक्ष्म कण रबराच्या साखळ्यांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे रबराचे कण सहजासहजी सुटून येत नाहीत. आजच्या टायरमध्येही काजळी हा मोठा घटक असतो. कोठे गंधक किती, काजळी किती, तेल किती, कोणते कृत्रिम रबर किती, याचे प्रमाण प्रत्येक कारखाना गुप्त ठेवतो, स्वयंपाकघरातल्या मसाल्यासारखेच! नागपूरजवळ बुटीबोरीला दुचाकींच्या टायरांचा सिएटचा मोठा कारखाना आहे. तो २०१६ साली सुरू झाला. म्हणजे विदर्भातल्या गाडीचा टायर आता विदर्भात तयार झालेला असू शकतो.

आता पकडीकडे येऊ. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो, की घर्षण हे पृष्ठभागांच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, फक्त दाबणाऱ्या बलावर असते. लाकूड, लोखंड यांना हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. रबर तो तंतोतंत पाळत नाही, आणि याचे कारण मोठे मनोरंजक आहे. रबराची पकड दोन मार्गांनी निर्माण होते. पहिला मार्ग चिकटण्याचा. रबर आणि दगड यांचे रेणू अगदी जवळ आले, की ते एकमेकांना ओढून धरतात. पण मध्ये पाण्याचा किंवा धुळीचा पातळसा थर आला, तरी हे ओढणे संपते. दुसरा मार्ग म्हणजे रबराच्या आतले घर्षण. आपले रस्ते दख्खनच्या काळ्या पाषाणाची खडी वापरून केलेले असतात. त्या खडीचे बारीक उंचवटे रबरात रुततात, रबर त्यांच्यावरून सरकताना दबते आणि पुन्हा फुगते. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर फुगताना परत देत नाही. थोडी उष्णतेच्या रूपाने आतच ठेवून घेते. या उशिरा परत येण्याच्या गुणाला शैथिल्य असे नाव आहे. जेवढी ऊर्जा अशी खर्ची पडते, तेवढा सरकण्याला विरोध होतो. हा मार्ग ओल्या रस्त्यावरही चालू राहतो. पावसाळ्यात आपला जीव मुख्यतः त्याच्यावर असतो.

कोणते रबर ऊर्जा ठेवून घेते आणि कोणते परत देते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. रबराचा एक टणक, खूप उसळणारा चेंडू घ्या आणि दुसरा मरतुकडा, कमी उसळणारा. दोन्ही एक मीटर उंचीवरून सोडा. जो ८० सेंटीमीटर उसळला त्याने ५ पैकी ४ भाग ऊर्जा परत दिली. जो ३० सेंटीमीटरच उसळला त्याने बरीचशी गिळली. गंमत अशी, की ओल्या रस्त्यावर टायर म्हणून हा मरतुकडा चेंडूच बरा! पण तोच गुण सरळ रस्त्यावर उलटतो. चाक फिरताना प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग दबतो आणि सुटतो. ऊर्जा गिळणारे रबर तेथे विनाकारण तापते आणि पेट्रोल जास्त लागते. शिवाय असे रबर बहुधा मऊ असते, म्हणून झिजतेही लवकर.

पकड, झीज आणि पेट्रोल अशी ही तिहेरी ओढाताण आहे. एकाला जवळ केले की दुसरे रुसते. टायर बनवणाऱ्यांनी यातून वाट काढण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. कार्ल ग्रॉश या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिले, की रबराचे घर्षण हे तापमान आणि सरकण्याचा वेग या दोन्हींवर एकाच नियमाने अवलंबून असते; वेग वाढवणे हे रबर थंड करण्यासारखेच ठरते. म्हणून नुसते ‘मऊ’ किंवा ‘कडक’ म्हणून भागत नाही. रस्त्याच्या उंचवट्यांशी रबराची गाठ सेकंदाला हजारो वेळा पडते, तर चाकाचे फेरे सेकंदाला आठ-दहाच होतात. तेव्हा जलद दाबात ऊर्जा गिळणारे आणि सावकाश दाबात ती परत देणारे रबर बनवता आले, तर दोन्ही साधेल! काजळीचा काही भाग काढून त्या जागी सिलिका, म्हणजे वाळूचेच अतिसूक्ष्म रूप, घातल्याने हे बऱ्याच अंशी साधले. १९९० नंतर मोटारींच्या टायरांत ही रीत रूढ झाली आणि मग दुचाकींच्या टायरांतही आली. ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा यांतले जुने वैर त्यामुळे पुरते मिटले नसले, तरी पुष्कळ सौम्य झाले आहे.

आता आपण घाटातल्या वळणावर येऊ. वळताना स्वार गाडीसह आत कलतो, हे तुम्ही पाहिलेले आहे. तो किती कलतो? टायरवर रस्त्याची दोन बले काम करतात : वजन पेलणारे उभे बल आणि गाडीला वळणाच्या केंद्राकडे ढकलणारे आडवे बल, म्हणजे घर्षण. या दोहोंचे मिळून होणारे बल गाडीच्या गुरुत्वमध्यातून गेले तरच गाडी तोल राखते. म्हणून उभ्या रेषेशी होणारा कोन असा ठरतो, की त्याची टॅन-किंमत बरोबर वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या गुणिले गुरुत्वीय त्वरण. यात वस्तुमान कोठेच नाही, हे ध्यानात घ्या. सडपातळ मुलगा असो की मागे पोते बांधलेला शेतकरी, कोन तोच. (टायरला रुंदी असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक कलावे लागते, पण ते सोडून देऊ.)

४० मीटर त्रिज्येचे वळण धरा. ताशी ४० किलोमीटर वेगाला कोन सुमारे साडेसतरा अंश येतो. ताशी ५० ला २६ अंश. ताशी ६० ला ३५ अंश. वेग दीडपट झाला आणि कोन दुप्पट! आणि याच कोनाची टॅन-किंमत म्हणजे वळायला लागणारा घर्षणांक : ४० ला ०.३१, ५० ला ०.४९, ६० ला ०.७१. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक ०.८ धरला, तर या वळणावरचा परमावधीचा वेग ताशी ६४ किलोमीटर निघतो. पाऊस पडून तो ०.५ वर आला, तर ५०. चिखलाने ०.२ झाला, तर जेमतेम ३२.

येथे जरा थांबून एक हिशेब करण्यासारखा आहे. समजा, दुकानदाराने दहा टक्के जास्त पकड असलेला, मऊ, महागडा टायर दाखवला. घर्षणांक ०.८ चा ०.८८ झाला. वेग घर्षणांकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असल्यामुळे परमावधी ६४ वरून ६७ वर जाते. तीन किलोमीटर! कोरड्या रस्त्यावरच्या जास्तीच्या पकडीची किंमत एवढीच. तेवढ्यासाठी टायरचे निम्मे आयुष्य देऊन टाकणे शर्यतीतल्या स्वाराला परवडते, वाशीम–अकोला जाणाऱ्याला नाही. म्हणून माझे मत असे, की टिकाऊ टायर घेण्यात काही गैर नाही. मात्र कोरड्यातली पकड किती हे विचारण्याऐवजी, ओल्यात तो किती धरतो आणि झिजल्यावर त्याचा आकार कसा राहतो, हे विचारावे. खरा फरक तेथे पडतो.

परमावधीच्या जवळ गेल्यावर आणखी एक संकट असते. टायरची पकड ही बँकेतल्या एकाच खात्यासारखी आहे. वळणे आणि थांबणे दोन्ही त्याच खात्यातून खर्च होतात. ही दोन बले एकमेकांशी काटकोनात असल्याने हिशेब पायथागोरसच्या नियमाने होतो. एकूण शिल्लक ०.८. ताशी ५० ने वळताना ०.४९ खर्च झाले, तर ब्रेकसाठी राहिले सुमारे ०.६३. ताशी ६० ने वळताना ०.७१ गेले, तर उरले फक्त ०.३७. वळणाआड अचानक म्हैस उभी दिसली, तर पहिल्या स्वाराच्या हाती दुसऱ्याच्या पावणेदोन पट ब्रेक शिल्लक असतो. दुसऱ्याने घाबरून जोरात ब्रेक दाबला, की खाते उलटे होते आणि चाक सरकते. अनुभवी स्वार वळणाच्या आधी वेग कमी करतात, वळणात नाही, ते यामुळेच.

आता झिजेचे पाहू. टायर फिरताना झिजत नाही, सरकताना झिजतो. चाक सरळ धावत असतानाही जमिनीला टेकलेल्या तुकड्यात थोडे सूक्ष्म सरकणे चालू असते. मागचे चाक गाडीला ढकलते, म्हणून त्यात ते जास्त. मागचा टायर आधी संपतो तो त्यामुळे. वळताना हे सरकणे वाढते. अडॉल्फ शालामाख या शास्त्रज्ञाने रबराच्या झिजेचा आयुष्यभर अभ्यास केला. वळणातली झीज ही साधारणपणे आडव्या बलाच्या वर्गाप्रमाणे वाढते, असे त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसून आले. आडवे बल आधीच वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे झीज वेगाच्या चौथ्या घाताने! तेच वळण ५० ऐवजी ६० ने घेतले, तर त्या वळणापुरती झीज दुप्पट होते. हा नियम मोटारीच्या टायरांचा आहे. मोटारसायकल कलून वळत असल्याने तिच्या टायरची झीज तंतोतंत त्याप्रमाणे होणार नाही, पण दिशा तीच. टायर लवकर संपला म्हणून कारखान्याला दोष देणाऱ्या तरुणांनी आधी आपला उजवा हात तपासावा.

आपल्याकडच्या टायरची खरी दुर्दशा मात्र वळणावर होत नाही, सरळ रस्त्यावर होते. मोटारसायकलचा टायर आडव्या छेदात गोलसर असतो, अंड्याच्या टोकासारखा. तो मुद्दाम तसा केलेला असतो, म्हणजे गाडी कलली तरी टेकणारा भाग एकसारखा मिळावा. मैदानातल्या शेकडो किलोमीटरच्या सरळ रस्त्याने फक्त मधला पट्टा झिजतो आणि टायर चपटा होतो. कडांना नक्षी शाबूत दिसते, म्हणून मालक म्हणतो, अजून पुष्कळ चालेल. पण अशी गाडी घाटात कलवली, की मधला सपाट भाग संपून जेथे कड सुरू होते तेथे टायर एका धारेवर चढतो. गाडी आधी वळायला नको म्हणते, आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. वाशीमच्या स्वाराला टायरचे आयुष्य मोजायचे असेल, तर नक्षीच्या खोलीइतकेच या गोलाईकडे पाहावे. टायरवर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून नव्या टायरची गोलाई कापून घेतली आणि सहा महिन्यांनी तोच पुठ्ठा पुन्हा लावून पाहिला, तर मध्ये किती फट पडली ते लगेच कळते. एखाद्या शाळेने हा प्रकल्प म्हणून करून पाहावा. शिक्षकांच्या गाड्या आयत्याच हाती आहेत!

या चपटेपणावर तंत्रज्ञांनी काढलेला उपाय सुबक आहे. एकाच टायरवर दोन प्रकारचे रबर लावायचे : मध्ये कडक, दोन्ही कडांना मऊ. सरळ रस्ता मधल्या पट्ट्याने कापायचा आणि वळण कडांनी घ्यायचे. २००० नंतरच्या दशकात असे दुहेरी रबराचे टायर मोठ्या मोटारसायकलींसाठी सर्रास मिळू लागले. आपल्या दुकानदाराची आरंभीची दोन विरुद्ध मागण्यांची अडचण यात जागेची वाटणी करून सोडवली आहे. पैसे जास्त पडतात हे खरे. पण ज्याचा रस्ता नऊ भाग सरळ आणि एक भाग घाट असा आहे, त्याला हे टायर मिळत असतील आणि परवडत असतील, तर मी तरी तेच घ्यायला सांगेन. न मिळाल्यास एकाच मध्यम रबराचा चांगला टायर घ्यावा आणि मध्य चपटा होऊ लागला की कडांचा मोह न धरता बदलावा.

विकत घेताना टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचायला शिका. समजा, तेथे १००/९०–१७ ५५ पी असे लिहिले आहे. टायरची रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १७ इंच. मिलिमीटर आणि इंच यांची ही खिचडी जगभर चालते, त्याला इलाज नाही. ५५ हा भाराचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ २१८ किलो. पी हे वेगाचे अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. एल असेल तर १२०, एस असेल तर १८०, एच असेल तर २१०. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा भाराचा आकडा किंवा वेगाचे अक्षर खालचे घेऊ नये. रुंद टायर ऐटदार दिसतो म्हणून अरुंद रिमवर बसवण्याची हौस अनेकांना असते. त्यात टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन गोलाई बिघडते, म्हणजे पैसे देऊन पकड कमी करून घेतल्यासारखे होते.

चार अंकांचा एक आकडाही शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हवेतला ओझोन आणि ऊन रबरावर सतत काम करत असतात. न वापरलेला टायरही वर्षानुवर्षांत कडक होतो आणि बाजूला बारीक भेगा दिसू लागतात. स्वस्तात मिळणारा जुना साठा घेण्यापूर्वी हा आकडा पाहावा. खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात आणि ते कोठे आहेत हे दाखवायला बाजूवर टी.डब्ल्यू.आय. अशी अक्षरे किंवा बाण असतो. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली, की टायर संपला.

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, की शर्यतीतल्या मोटारसायकलींचे टायर तर अगदी गुळगुळीत असतात, मग नक्षी कशाला? बरोबर आहे. कोरड्या रस्त्यावर खाचांचा पकडीला उपयोग नाही; उलट तेवढे रबर टेकायचे कमी होते. खाचा आहेत त्या पाण्यासाठी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना आठ सेंटीमीटर लांबीचा तुकडा रस्त्याच्या एका बिंदूवरून सेकंदाच्या दोनशेव्या भागात निघून जातो. तेवढ्या वेळात तेथले पाणी बाजूला सारून रबर दगडाला भिडले पाहिजे. खाचा त्या पाण्याला पळायला वाट देतात. काही ठिकाणी गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम सुरीने पुन्हा खाचा पाडून देतात. हा उद्योग घातक आहे. आतल्या दोऱ्यांच्या थरांवर जे थोडे रबर उरले होते, तेही त्यात कापले जाते. ट्रकच्या टायरला व्यवस्थित नवे रबर चढवणे वेगळे. कलून चालणाऱ्या दोन चाकांना मात्र असले प्रयोग नकोत.

हवेबद्दल थोडे. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा ४२–४३ अंशांवर जाते आणि दुपारचे डांबर त्याहून पुष्कळ तापते. सकाळी २७ अंश तापमानाला टायरमध्ये २८ पौंड हवा भरली आणि टायर तापून ६० अंशांवर गेला, तर वायूच्या नियमाने दाब सुमारे ३३ पौंड होतो. (२८ मध्ये बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवा, ३०० ऐवजी ३३३ केल्व्हिन घेऊन प्रमाण मांडा आणि १४.७ पुन्हा वजा करा.) ही वाढ कारखान्याने हिशेबात धरलेली असते. ‘उन्हाळा आहे, फुटेल’ म्हणून हवा कमी ठेवणे उलट महागात पडते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि लवकर झिजतो. दाब नेहमी टायर थंड असताना, सकाळी, मोजावा.

आणि काही गोष्टी कोणत्याच टायरच्या हातात नसतात. पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर सोडून जातो. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि तिचा साबणासारखा थर होतो. रबर दगडापर्यंत पोचतच नाही, मग ते मऊ काय आणि कडक काय! सोयाबीन निघाले की कोठे कोठे ते रस्त्याच्या कडेलाच वाळत घातलेले असते. ते गोल दाणे टायरखाली बेअरिंगमधल्या गोळ्यांचे काम करतात. अशा ठिकाणी घर्षणांक ०.२ धरावा आणि वर काढलेला ताशी ३२ किलोमीटरचा आकडा आठवावा.

शेवटी एक प्रयोग, जो वर्गात सहज होईल. पंक्चरच्या दुकानातून जुन्या ट्यूबचा आणि जुन्या टायरचा एकेक तुकडा आणा. सारख्या आकाराच्या दोन लाकडी ठोकळ्यांच्या तळाला ते चिकटवा. एक खरखरीत फरशी किंवा सिमेंटचा पत्र्याएवढा तुकडा घेऊन त्यावर ठोकळा ठेवा आणि फरशीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागेल त्या क्षणी फरशीचा आडव्याशी झालेला कोन कोनमापकाने मोजा. त्या कोनाची टॅन-किंमत म्हणजे घर्षणांक. आणि नीट विचार कराल तर दिसेल, की मोटारसायकल त्या रबरावर, त्या पृष्ठभागावर जास्तीत जास्त जेवढी कलू शकेल तो कोनही हाच! फरशी कोरडी, मग ओली, मग बारीक वाळू टाकलेली, आणि सर्वांत शेवटी काळ्या मातीचा पातळ चिखल सारवलेली, अशा चार स्थितींत प्रत्येकी पाच वेळा कोन मोजा आणि सरासरी काढा. कोरड्या फरशीवर ३५ अंशांच्या वर गेलेला ठोकळा चिखलावर किती अंशांत निघून जातो, ते वहीत मांडून ठेवा, आणि त्या कोनावरून ४० मीटर त्रिज्येच्या वळणाचा वेगही काढा. ज्यांच्या शाळेजवळ खरे वळण आहे, त्यांनी रस्त्यावर न जाता, शिक्षकांच्या मदतीने नकाशावरून त्याची त्रिज्या काढून आपला आकडा त्याला लावून पाहावा.